आपलेच पैसे आणि नकाराचं कारण

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या उपस्थितीत यूपीआयची सुरुवात झाली. त्याला आता दहा वर्षं झाली. या दहा वर्षांचं कौतुक सगळीकडे चाललं आहे आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. कोथिंबिरीच्या जुडीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं फोनवरून दिलं जातं, मीही देते. पण मला या दहा वर्षांचा दुसरा हिशेब मांडायचा आहे. बचत खात्यात ठेवलेले आपलेच पैसे आपल्या हातात येण्याचं या काळात काय झालं, त्याचा. माझ्या पिढीनं बँकेतून पैसे न मिळण्याचे जितके प्रकार या दशकात पाहिले, तितके आधीच्या तीस वर्षांत पाहिले नव्हते. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एक गोष्ट सारखी होती: पैसे का मिळत नाहीत, हे सांगायला समोर कोणी नव्हतं.

हे आत्ताच लिहावंसं वाटलं ते माझ्या मावशीमुळे. मावशी डोंबिवलीत राहते, वय पंचाहत्तरच्या पुढे. काका गेले. खातं दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा पद्धतीचं. म्हणजे कायद्यानं मावशीला पैसे काढायला काहीच अडचण नाही. पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर काकांचा होता. ते गेल्यावर त्या नंबरचं रिचार्ज कोण करणार? काही महिन्यांनी नंबर बंद पडला. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो, तसा तोही दिला गेला असणार. तेवढ्यात मावशीच्या डेबिट कार्डाची मुदत संपली. नवं कार्ड पोस्टानं घरी आलं, पण त्याचा पिन तयार करायला ओटीपी लागतो आणि ओटीपी जातो काकांच्या नंबरवर. अ‍ॅप चालू करायचं तर फोनमधल्या सिमवरून बँकेला एक एसएमएस आपोआप जातो आणि तो नोंदलेल्या नंबरवरूनच जावा लागतो. तिथंही तेच.

शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी सौजन्यानं बोलत होती. “आजी, ओटीपी आला का?” मावशी म्हणाली, “अगं बाळा, तो नंबर यांचा होता.” मुलीनं स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा मावशीकडे पाहिलं आणि म्हणाली, “सिस्टिम घेत नाही.” त्या मुलीचा मला राग नाही. आमच्या मागे रांग होती, तिच्या बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि तिच्या टेबलावर विमा पॉलिसीच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. पण “सिस्टिम घेत नाही” हे काही कारण झालं नाही. हे वाक्य ऐकलं आणि गेली दहा वर्षं डोळ्यांपुढून सरकली.

त्याआधीच्या काळाबद्दल थोडक्यातच सांगते. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० मध्ये आणखी ६ बँकांचं. १९८७ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम आलं. नव्वदच्या दशकात संगणक आले, त्यावरून संप झाले, मग ते रुळले. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी, २०१० मध्ये आयएमपीएस. या प्रत्येक टप्प्यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत आणि ती मला कंटाळवाणी वाटतात. त्यात बँकेच्या यंत्रणेचा इतिहास असतो, खातेदार फार कमी असतो.

खातेदाराचा इतिहास कुठून सुरू करायचा, असं मला विचारलं तर मी अकोल्याचं नाव घेईन. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यातून ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा महामंडळ सुरू झालं. सुरुवातीला संरक्षण होतं ठेवीदारामागे १,५०० रुपयांचं. म्हणजे सामान्य माणसाचे बँकेतले पैसे बुडू शकतात, हे या देशानं कायद्यात पहिल्यांदा मान्य केलं ते विदर्भातल्या आणि केरळातल्या ठेवीदारांच्या रडण्यामुळे. अकोल्याच्या लोकांनासुद्धा हे आता फारसं आठवत नसेल.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पगार बँकेत व्हायचा. विड्रॉवल स्लिप भरायची, पासबुकासोबत द्यायची, क्लार्क पितळी टोकन द्यायचा आणि आपण बाकावर बसायचं. आतला माणूस सहीचं कार्ड काढून सही ताडून पाहायचा, मग अधिकाऱ्याची सही, मग कॅशियर टोकनचा नंबर पुकारायचा. अर्धा तास सहज जायचा. पैसे फक्त आपल्याच शाखेतून मिळायचे, ते दुपारी दोनपर्यंत, शनिवारी त्याहून कमी वेळ. बाहेरगावी कोणी आजारी पडलं तर रात्री पैसे मिळण्याची सोयच नव्हती. त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देणार नाही. बायकांच्या नावावर खातं नसायचं, ज्याच्याकडे ओळख नाही त्याला खातं उघडता यायचं नाही, आणि मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेर ताटकळणारी शेतकरी माणसं मी पाहिली आहेत.

पण नकाराला तेव्हा माणूस होता. वडिलांचा उजवा हात मोडला होता, तेव्हा सही वेडीवाकडी आली. क्लार्कनं बाहेर येऊन सांगितलं, “गुरुजी, सही जुळत नाही, जरा सावकाश करा.” त्यांनी दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा केली, मग अधिकाऱ्यानं स्वतः खात्री करून स्लिपवर शेरा मारला आणि पैसे मिळाले. चेक परत आला तर त्यासोबत छापील मेमो यायचा. त्यावर कारणांची यादी असायची: शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी, तारीख उलटून गेली. लागू असलेल्या कारणावर खूण आणि खाली बँकेची सही. तो कागद हातात घेऊन भांडता यायचं. चूक आपली असेल तर सुधारता यायची.

व्याजाचासुद्धा एक विचित्र नियम होता, आता तरुणांना सांगून खरं वाटत नाही. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. म्हणून भरायचे पैसे १० तारखेच्या आत भरायचे आणि काढायचे असतील तर शक्यतो १ तारखेपर्यंत थांबायचं, हे शिक्षक-कारकुनांच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजायला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये बचत खात्याचा व्याजदर ठरवायची मोकळीक बँकांना मिळाली. त्याआधी १ एप्रिल २००९ पासून दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढणं मोफत झालं होतं. ती चार-पाच वर्षं खातेदारासाठी बरी गेली, असं माझं मत आहे. कार्ड खिशात असायचं, शाखाही जागेवर होती, आणि दोन्हींपैकी काहीही चालायचं. नोव्हेंबर २०१४ पासून सहा महानगरांत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवरचे मोफत व्यवहार ३ वर आले. तेव्हा त्याचं फारसं काही वाटलं नाही.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली.

नोटाबंदीवर राजकारणाचं जे बोलायचं ते इतरांनी बोलून झालं आहे. मला बोलायचं आहे ते नोटा बदलण्याबद्दलसुद्धा नाही, काढण्याबद्दल. ज्याचा पगार करकपात होऊन खात्यात जमा होतो, ज्याच्या पैशाचा रंग सरकारला आधीच माहीत आहे, त्यालाही एटीएममधून दिवसाला २,००० रुपये, मग २,५००. खात्यातून आठवड्याला २०,०००, मग २४,०००. लग्न असेल तर अडीच लाख, तेही पत्रिका आणि पुरावे दाखवून. नव्या नोटांचा आकार वेगळा असल्यामुळे देशभरातल्या एटीएमच्या कॅसेट्स एकेक करून बदलाव्या लागल्या. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला मनाई झाली. महाराष्ट्रातल्या खेड्यांत बँक म्हणजे जिल्हा बँक. रब्बीच्या पेरणीचे दिवस, आणि शेतकऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथे रोकडच पोहोचत नव्हती. ‘कॅश नाही’ एवढेच शब्द कागदावर लिहून दारावर चिकटवलेले असायचे. उद्या येणार का, परवा येणार का, कोणाला विचारायचं, काही नाही.

रांगेत उभ्या म्हाताऱ्यांना तेव्हा सीमेवरच्या जवानांची आठवण करून देणारे लोक होते. माझ्या ओळखीत होते, वर्तमानपत्रांत होते, टीव्हीवर तर होतेच. त्यांच्यापैकी एकानंही नंतर त्या म्हाताऱ्यांची क्षमा मागितलेली मी पाहिली नाही. बचत खात्यांवरची मर्यादा पूर्णपणे उठली ती १३ मार्च २०१७ ला. ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात आलं की १५.४१ लाख कोटींच्या जुन्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या, म्हणजे ९९.३ टक्के. मग चार महिने आम्हाला आमचेच पैसे मोजून मोजून का दिले गेले, या प्रश्नाचं मला पटेल असं उत्तर आजवर मिळालेलं नाही. मला त्यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते ती ही, की प्रामाणिक खातेदाराच्या पैशांवर एका रात्रीत मर्यादा घालता येते आणि तो ती सोसतो, हे त्या चार महिन्यांत सगळ्यांना कळलं.

त्याच काळात दुसरी एक छोटी गोष्ट झाली. एप्रिल २०१७ पासून स्टेट बँकेनं किमान शिल्लक नसल्याबद्दल पुन्हा दंड घ्यायला सुरुवात केली. महानगरात ५,००० रुपये ठेवणं सक्तीचं. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत त्या दंडातून १,७७१ कोटी रुपये गोळा झाले. बँकेचा त्या वर्षी जुलै ते सप्टेंबरचा नफा होता १,५८१ कोटी. ज्यांच्याकडे सर्वांत कमी होते, त्यांच्या खात्यांतून हे पैसे न विचारता कापले गेले. मार्च २०२० मध्ये तो दंड रद्द झाला. अलीकडे आणखी काही सरकारी बँकांनीही तो काढून टाकला, हे चांगलंच झालं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. त्यातले बरेचसे परदेशांतल्या एटीएममधून काढले गेले. पैसे बँकेचे गेले, ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही. पण पुणेकर खातेदारांची एटीएम आणि नेटबँकिंग काही दिवस बंद राहिली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरपासून स्टेट बँकेनं साध्या कार्डांची रोजची मर्यादा ४०,००० वरून २०,००० वर आणली. फसवणूक वाढली की मर्यादा कमी होणार खातेदाराची, हा क्रम तेव्हापासून पक्का झाला.

पण या दशकाचा विषय निघाला की मला आधी आठवतं ते भांडुप. २३ सप्टेंबर २०१९. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले: सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढता येतील. सहा महिन्यांत हजार. मुंबईच्या उपनगरांत ही बँक घरोघरी होती. रिक्षावाले, टॅक्सीवाले, छोटे दुकानदार, गृहनिर्माण सोसायट्या, गुरुद्वारे, निवृत्त माणसं. फोनवर अ‍ॅप उघडलं की शिल्लक दिसत होती, पैशापर्यंत अचूक. तो आकडा बघत माणसं भांडुपच्या मुख्यालयाबाहेर उभी होती. मर्यादा तीन दिवसांनी १०,००० झाली, मग २५,०००, मग ४०,०००, नोव्हेंबरमध्ये ५०,००० आणि जून २०२० मध्ये एक लाख. शस्त्रक्रिया असेल, शिक्षण असेल, तर अर्ज करायचा, कागद जोडायचे आणि वाट पाहायची. त्या काळात काही ठेवीदारांचे मृत्यू झाले, त्यांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या.

त्या वेळी एक वाक्य फार ऐकू यायचं: “जास्त व्याजाच्या लोभानं सहकारी बँकेत ठेवतात, मग रडतात.” हे म्हणणाऱ्यांना मला आजही उत्तर द्यायचं आहे. ती काही गल्लीतली पतसंस्था नव्हती. ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बहुराज्यीय शेड्यूल्ड बँक होती. मार्च २०१९ च्या ताळेबंदात तिची ढोबळ थकीत कर्जं ३.७६ टक्के दाखवली होती. तिचं लेखापरीक्षण झालेलं होतं. प्रत्यक्षात सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहात अडकलं होतं आणि ते लपवायला हजारो बनावट खाती उघडलेली होती. जे लेखापरीक्षकांना आणि नियामकाला वर्षानुवर्षं दिसलं नाही, ते मुलुंडच्या रिक्षावाल्याला दिसायला हवं होतं, असं म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. आणि अनेकांचे पैसे तर बचत खात्यात होते, रोजच्या खर्चाचे.

आता याच्या शेजारी पुढचं वर्ष ठेवून पाहा. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले, मर्यादा ५०,००० रुपये. रात्रीत त्या बँकेवर अवलंबून असलेलं फोनपे बंद पडलं. ज्यांचं येस बँकेत खातंच नव्हतं, त्यांचेही व्यवहार थांबले. पण स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातलं आणि १८ मार्चला, म्हणजे तेरा दिवसांत, निर्बंध उठले. भांडुपच्या बँकेचे ठेवीदार मात्र त्यानंतरही बावीस महिने थांबले. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून आणि वरचे टप्प्याटप्प्यानं, दहा वर्षांपर्यंत. पंचाहत्तरीच्या माणसाला दहा वर्षांची मुदत. मोठ्या खासगी बँकेचा ठेवीदार आणि सहकारी बँकेचा ठेवीदार यांच्यात राज्यव्यवस्थेनं केलेला हा फरक मी विसरायला तयार नाही. पुण्याच्या रुपी बँकेचे लोक तर २०१३ पासून निर्बंधात होते; २०२२ मध्ये परवाना रद्द होईपर्यंत नऊ वर्षं गेली.

या सगळ्यातून दोन चांगल्या गोष्टी झाल्या, त्या सांगायलाच हव्यात. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा एक लाखाचा पाच लाख झाला. १९९३ पासून तो एकाच जागी अडकला होता. आणि २०२१ च्या दुरुस्तीनं निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देणं बंधनकारक झालं. हे ठेवीदारांनी रस्त्यावर उतरून मिळवलं आहे, कोणी आपणहून दिलेलं नाही. १३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पहिल्या दिवशी एक रुपयाही काढायला परवानगी नव्हती. दोन आठवड्यांनी २५,००० रुपये काढता आले आणि ४ ऑगस्टला बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांच्या आत. भांडुपच्या तुलनेत हे खूपच बरं. पण शाखेच्या बंद जाळीपुढे उभ्या माणसांचे प्रश्न शब्दशः तेच होते, आणि जाळीच्या आतून उत्तर देणाऱ्याकडे तेव्हाही काही नव्हतं.

निर्बंध निदान बातम्यांत येतात. खातं गोठवणं मात्र एकेकट्याच्या वाट्याला येतं. आमच्या बाजारात एक भाजीवाली आहे, क्यूआर कोडचा स्टिकर लावणाऱ्यांत पहिली. एके सकाळी तिचं खातं गोठलं. पैसे येत होते, जात नव्हते. बँकेत विचारलं तर कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची सूचना आली आहे. सायबर फसवणुकीतला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असा फिरतो. त्यातले काही रुपये कोणीतरी तिच्याकडे भाजी घेताना दिले असणार. फसवल्या गेलेल्या माणसाचे पैसे वाचवायला १९३० या हेल्पलाइनवर तक्रार आली की पैशांचा माग काढून खाती थांबवतात, आणि ते करायलाच हवं. पण संशय जर काही शे रुपयांचा, तर सगळं खातं का थांबवायचं? केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये नेमकं हेच सांगितलं की वादातली रक्कम तेवढी रोखा, बाकी खातं मोकळं ठेवा. भाजीवालीला हे कुठून माहीत असणार? तिला परराज्यातल्या पोलिसांचा ईमेल पत्ता दिला गेला. तिनं माझ्या मुलाकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. बाकी काही असो, तिच्या मुलीची कॉलेजची फी त्या खात्यात होती. खातं सुटलं एकदाचं, पण स्टिकर तिनं खरवडून काढला आणि अजून लावलेला नाही.

आणि शाखा? २०१७ पासून २०२० पर्यंत सरकारी बँकांच्या विलीनीकरणाचा सपाटा चालला. स्टेट बँकेत तिच्या सहयोगी बँका, बँक ऑफ बडोदात देना आणि विजया, आणि पुढे इतरही. आयएफएससी कोड बदलले, चेकबुकं बदलली आणि जवळजवळच्या शाखा एकमेकींत मिसळल्या. मावशीची शाखा स्टेशनजवळून उठून लांबच्या एका कॉम्प्लेक्समध्ये गेली, तिथे रिक्षानं जावं लागतं. तिच्या घराजवळचं एटीएमही गेलं. उरलेल्या एटीएमवर मोफत व्यवहार संपले की प्रत्येक वेळी जास्तीत जास्त २० रुपये लागायचे, जानेवारी २०२२ पासून २१, आणि १ मे २०२५ पासून २३, वर कर. पाचशेची एक नोट काढायला २३ रुपये मोजणारी माणसं आहेत, आणि ती बहुधा तीच आहेत, ज्यांना एकावेळी पाचशेच काढता येतात.

मावशीच्या प्रकरणात मी नियम काढून वाचले. ते वाचून राग कमी झाला नाही, वाढला. कारण नियम चांगले आहेत. आजारपणामुळे किंवा वयामुळे सही करता येत नसेल, तर अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये हे कितीतरी वर्षांपासून आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सत्तरीपुढच्या आणि अपंग खातेदारांना घरपोच रोकड द्यायची सोय करण्याचे आदेश काढले. तेही आहेत. मी शाखेत त्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं की नोंदणी अ‍ॅपवरून करावी लागते, आणि अ‍ॅपला पुन्हा काकांचा नंबर लागतो. नंबर बदलण्याचा अर्ज भरला, काकांच्या मृत्यूचा दाखला जोडला, आधार-पॅन दिलं. मावशीची सही थरथरते, म्हणून अर्ज ‘प्रलंबित’ आहे. सही जुळत नाही, असंही कोणी स्पष्ट म्हणत नाही. तसं म्हटलं असतं, तर अंगठ्याचा नियम पुढे ठेवता आला असता.

ज्यांनी ही यंत्रणा बांधली, त्यांनी फसवणुकीचा विचार केला, हे मला मान्य आहे. सिम बदलून लोकांची खाती रिकामी करणारे चोर खरेच आहेत. त्याच नंबरचं नवं सिम घेतल्यावर चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात तेही त्यांच्यामुळेच. माझ्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांना एका फोनवर आयुष्याची पुंजी गमवावी लागली आहे. पण चोराला अडवणारं प्रत्येक कुलूप मालकालाही अडवणार असेल, तर मालकासाठी एक असा दरवाजा ठेवावाच लागतो, जिथे माणूस बसलेला आहे. पूर्वी तो दरवाजा म्हणजे शाखा होती. पासबुक, स्लिप, ओळखपत्र आणि समोरचा चेहरा. आज काही शाखांमध्ये ठरावीक रकमेपेक्षा कमी असेल तर “एटीएमवर जा” सांगतात, एटीएम चाललं नाही तर “अ‍ॅप वापरा” सांगतात, आणि अ‍ॅप म्हणतं की काहीतरी चुकलं आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा. काय चुकलं, कोणाचं चुकलं, किती वेळानं?

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याआधी बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस थांबावं लागतं. मावशीची तक्रार मी दिली आहे, पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतली आहे. तेवढ्या काळात तिचं दूध, औषधं आणि कामवालीचा पगार आम्ही भाचरं मिळून भागवतो आहोत, आणि तिला ते आवडत नाही. आपले पैसे असताना दुसऱ्याचे घ्यायची तिला सवय नाही. लोकपालाकडच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. त्यात भरपाई मागितलेली नाही. मागणी एवढीच आहे की, बँकेनं खातेदाराला पैसे द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी, मराठीत, कारण लिहून, अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असलेला कागद त्याच्या हातात द्यावा. सोबत नमुना म्हणून वडिलांच्या फायलीत सापडलेला एक जुना चेक परतीचा मेमो जोडला आहे.